बाईंना असं विचारतात का?

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो पाढ्यांनी. खाली स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत असायची आणि वर, शिडीसारख्या उभ्या जिन्याच्या टोकाशी, मी मोजे शोधत असायची. आईने खालून "सतरा!" असा पुकारा केला की मी वरून सुरू व्हायचे, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. पोळपाटावरचं लाटणं हा आमचा ठेका. मी अडखळले की लाटणं थांबायचं, आई कान टवकारून उभी राहायची आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी करपायची, त्यामुळे करपलेल्या पोळीचं खापर कायम माझ्या डोक्यावर. आमची आणि शेजारच्यांची भिंत एकच होती. शेजारच्या आजोबांनी एकदा कुंपणाशी बाबाला गाठून फार अदबीने विचारलं होतं, तुम्ही रोज सकाळी प्रार्थना कसली करता? बाबाने तितक्याच अदबीने सांगितलं, गणिताची.

आइंडहोवन या डच शहरातल्या रांगेतल्या घरांपैकी ते एक घर. पुढची खिडकी एवढी मोठी, की येणाऱ्याजाणाऱ्याला आमची जेवणं दिसावीत. तिथे कुणी पडदे लावत नाहीत; आईने पहिल्याच आठवड्यात लावले. बाबा चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या एका कंपनीत होता. त्याच्या कामात केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक चूकही चालत नसे आणि मोजल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नसे. आईने साताऱ्यात पुढच्या खोलीत गणिताची शिकवणी चालवली होती. आमच्या नात्यातली आणि गल्लीतली निम्मी मुलं तिच्या हाताखालून गेलेली. आइंडहोवनला तिच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती, ती मी. साताऱ्याच्या सगळ्या मुलांना मिळून जेवढं शिकवायचं, तेवढं ती एकट्या मला शिकवायची. संध्याकाळी फोडणीचा वास जिन्यावरून चढून माझ्या गाद्यागिरद्यांत शिरायचा आणि त्या वासातच माझी पावकी-निमकी पाठ झाली. आजही कुठे हिंग तडतडला की मला उगाचच वाटतं, कुणीतरी आता सव्वा गुणिले आठ विचारणार.

शाळेत मात्र वेगळंच वारं होतं. माझ्या बाईंचं नाव मारैके. तिकडे बाईंना युफ म्हणतात आणि पुढे सरळ त्यांचं पहिलं नाव, म्हणून ती युफ मारैके. उंच, हसरी, गुडघ्यापर्यंत बूट घालून सायकलवर येणारी. मुलांनी उत्तर स्वतः शोधावं, निदान तीन वाटांनी शोधावं आणि कोणती वाट बरी यावर भांडावं, असा तिचा खाक्या. "सगळ्यांवर प्रश्नचिन्ह ठेवा, माझ्यावरही," हे ती आठवड्यातून एकदा तरी म्हणायची. पण मी शेवटच्या वर्गात असताना नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी सांगितलं की आता आपण संशोधन सांगतं तसं शिकवू. आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून करायचं, मग एकट्याने. पाढे पुन्हा पाठ. शाळेत दोन तट पडले. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रणधुमाळी. एक म्हणे, मुलांचे पोपट करणार का? दुसरा म्हणे, डोक्यात काही नसेल तर विचार करायचा कशावर? आई डच भाषेतले ते निरोप फोनकडून भाषांतर करून घ्यायची आणि पोळी उलटताना म्हणायची, "एवढं भांडण? पाढ्यांवरून? साताऱ्यात कुणाला सांगितलं तर हसतील."

साताऱ्यात हसले असते, पण जगात सगळीकडे हे भांडण तेव्हा चालू होतं आणि अजूनही मिटलेलं नाही. पुढे मी याच भांडणावर पोट भरलं. कुठल्या वर्गात काय शिकवल्याने मुलांना खरंच काय येतं, हे मोजणं हेच माझं काम झालं, आणि लोक मला दोन्ही तटांत शिव्या घालतात याचा मला थोडा अभिमानही आहे. पण त्याचं मूळ त्या वर्षात आहे, म्हणून ते लिहायला बसले आहे.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी तिथे बाईंनी सल्ला द्यायचा असतो. मूल पुढे कुठल्या शाळेत जाईल, विद्यापीठापर्यंत नेणाऱ्या वरच्या शाळेत, मधल्या शाळेत की कामधंदा शिकवणाऱ्या शाळेत, हे त्या सल्ल्यावर ठरतं. परीक्षाही असते, पण वजन बाईंच्या शब्दाला. अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या कपाळी असं काही लिहून टाकायचं, हे ऐकूनच आईला घाम फुटायचा. हिवाळ्याच्या तोंडाशी पहिली भेट झाली. पालकांना दहा मिनिटं मिळतात आणि मुलानेही सोबत बसायचं असतं. युफ मारैकेने माझे गुण दाखवले, ते उत्तम होते. मग ती शांतपणे म्हणाली, "सध्या माझ्या मनात मधली शाळा आहे. सानिकाला उत्तरं येतात. पण ती प्रश्न विचारत नाही. सांगितलं तेवढं करते. वरच्या शाळेत स्वतःच्या डोक्याने विचार करावा लागतो. पक्का सल्ला वसंतात देईन."

बाबाने मान डोलावली आणि चक्क आभार मानले. बाबाच्या लेखी शिक्षक बोलला की विषय संपला. घरी आल्यावर मात्र तो कोटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. आई म्हणाली, "मंदार, तू काही बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काय बोलणार? त्या रोज बघतात तिला." मी वर गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. मला वरच्या शाळेत जायचं होतं. माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथे जाणार होत्या हे एक, आणि मला गणित आवडायचं हे दुसरं. मला काय हवंय हे मला स्वच्छ माहीत होतं, आणि ते माझ्या हातून निसटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबाला मार्ग सापडला. पुढच्या महिन्यात माझं वर्गापुढचं भाषण होतं. तिथे प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा आवडत्या विषयावर वर्गाला सांगायचं असतं. बाबा लहानपणी जिल्हास्तरावर वक्तृत्व स्पर्धा गाजवून आलेला. त्याच्या अंगात वीज संचारली. "सानू, यात आपण बाईंना दाखवून देऊ. विषय पाढे. त्यांच्या शाळेत पेटलेला विषय आहे." भाषण त्याने लिहिलं, मी ते डचमध्ये उतरवलं आणि रोज जेवणानंतर हॉलमध्ये तालीम. समोरच्या भिंतीवरचा एक बिंदू धर. सुरुवातीला पॉज. "शून्य" म्हणताना हात असा वर. शेवटच्या वाक्याला आवाज चढव आणि मग एकदम खाली आण. मी मधूनच विचारलं, "बाबा, हे खरंय का, की पाढ्यांमुळे भारताने शून्य शोधलं?" त्यावर तो म्हणाला, "अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" रोज ऑफिसात मोजमापांशी झटणारा माझा बाप! आईने भांडी घासता घासता फक्त भुवई उंचावली.

त्या भाषणाच्या दिवशी काय झालं ते मी अजून लोकांना जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगते. तिथली मुलं अशा वेळी आपला ससा घेऊन येतात, टेबलावर पाय हलवत बसतात, घोड्याचा नाल सगळ्यांच्या हातात फिरवतात आणि शेवटी प्रश्नमंजुषा घेऊन गोळ्या वाटतात. मी फळ्यापुढे ताठ उभी राहिले, भिंतीवरचा बिंदू धरला, पॉज घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आदरणीय बाई आणि माझ्या प्रिय वर्गबंधूभगिनींनो!" पहिल्या रांगेतला एकजण मागे वळून बघायला लागला, की कोण आलंय. मी थांबले नाही. हात वर गेले, खाली आले, आवाज चढला. ज्या देशात पाढे पाठ करतात, त्या देशाने जगाला शून्य दिलं, असं म्हणून मी नमस्कार केला.

मग प्रश्न. माझी सख्खी मैत्रीण लोटे, जिच्याबरोबर मी रोज सायकलवर यायचे, तिनेच पहिला बॉम्ब टाकला. "पाढे पाठ होते म्हणून शून्य सापडलं, हे तुला कसं कळलं?" मी पुन्हा भिंतीवरचा बिंदू धरला. दुसरा म्हणाला, "तुमच्याकडे गणित न येणारी मुलं नसतातच?" मला माझा साताऱ्याचा चुलतभाऊ आठवला, जो आईच्या शिकवणीतच दोनदा नापास झाला होता, आणि मी खरं ते सांगून टाकलं. वर्ग खो खो हसला. शेवटी तिथल्या पद्धतीप्रमाणे आधी काय चांगलं झालं ते सांगतात आणि मग काय सुधारायचं ते. चांगलं काय, तर आवाज मोठा होता. सुधारायचं काय, तर लोटे म्हणाली, "तू आम्हाला काहीतरी विकायला आल्यासारखी बोलत होतीस." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी फळ्यापुढून हललेच नाही. मी म्हणाले, "मग करून बघू! पाढा पाठ करून लवकर येतो की तुमच्या तीन वाटांनी, ते करूनच बघू!" युफ मारैके खुर्चीत सरळ होऊन बसली. "बघू या," ती म्हणाली. "पण कसं बघायचं, ते तू सांग."

ते ठरवायला वर्गाला दोन तास लागले आणि इतकी मजा मला शाळेत कधी आली नव्हती. पाढा सतराचा घ्यायचा, कारण तिथे दहापर्यंतच शिकवतात, म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच येणार नाही. मी बाहेर. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग. एका भागाला आई चालीवर पाठ करून घेणार, दुसऱ्याला युफ मारैके चौकोन काढून, तोडून-जोडून शोधायला लावणार. दोघींना वेळ सारखा. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना एकच चाचणी.

आईला हे सांगितलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. तिचं डच नगरपालिकेच्या वर्गातलं, दुकानात भाजी मागण्यापुरतं. पण सोमवारी ती साडी नेसून, खांद्याला पर्स लावून वर्गात आली आणि पाच मिनिटांत साताऱ्याच्या शिकवणीतली बाई झाली. तिने आमच्या चालीवर डच आकडे बसवले होते. "सानू, यांचे आकडे आपल्यासारखेच आहेत गं," ती मला कौतुकाने सांगत होती. "आपण चौतीस म्हणतो, आधी चार मग तीस. हेही तसंच म्हणतात. इंग्रजीला ही चाल बसलीच नसती." वर्गालाही तिने आपली रीत सांगितली, आधी मी म्हणते, मग आपण सगळे म्हणू, मग तू एकटा म्हण. टेबलावर बोटांनी ठेका. माझी गोरी गोरी वर्गमित्र मंडळी माना डोलावून सतराचा पाढा म्हणत होती आणि दारात नवे मुख्याध्यापक उभे राहून गालातल्या गालात हसत होते. आई इतकी खूश मी त्या देशात आल्यापासून पाहिली नव्हती.

शुक्रवारी चाचणी झाली आणि आईचा गट दणदणीत जिंकला. निकाल ऐकायला तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती डबा भरून शंकरपाळी घेऊन आली होती. सकाळीच बाबाने मला बजावलं होतं, "जिंकलात तर नीट मांड हां. बाईंना कळू दे तू काय करू शकतेस. सल्ल्याच्या आधी ही शेवटची संधी आहे." मी फळ्यावर दोन्ही गटांचे आकडे लिहिले. टाळ्या पडल्या. आणि मी खडू खाली ठेवणार, तोच माझ्या लक्षात आलं. आईच्या गटातली मुलं मधल्या सुट्टीतसुद्धा पाढा म्हणत होती. दोरीवरच्या उड्या मारताना, घसरगुंडीच्या रांगेत, सायकली लावताना. चाल डोक्यात बसली होती, सुटतच नव्हती. दुसरा गट सुट्टीत फुटबॉल खेळत होता. वेळ सारखा दिला होता, सराव सारखा झालाच नव्हता. मग जिंकलं कोण? आईची पद्धत, की नुसता जास्तीचा सराव?

कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, लोटेच्यासुद्धा. मी गप्प बसले असते तर तो दिवस माझा होता आणि कदाचित सल्लाही. पण मला ते दिसलं होतं, आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करणं मला तेव्हाही जमलं नाही आणि आजही जमत नाही; नोकरीत मला त्याचे फटके बसले आहेत. मी म्हणाले, "थांबा. हा निकाल धरता येणार नाही," आणि का ते सांगितलं. टाळ्या विरून गेल्या. आई शंकरपाळीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला सगळे शब्द कळले नाहीत, पण फळ्यावर मी काट मारली ती कळली. तिचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

घरी येताना आईने सायकल माझ्यापुढेच ठेवली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिच्यामागे घुटमळत होते, तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "साताऱ्यात माझी मुलं पास व्हायची. मला वाटायचं माझ्या चालीने होतात. घरी किती घोकतात ते मी कधी विचारलंच नाही." मग गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. "पुन्हा करा. या वेळी त्या बाईंच्या मुलांनाही सुट्टीत म्हणायला काहीतरी द्या. मग बघू." बाबाने मात्र कपाळावर हात मारला. "सानू, जिंकलेली मॅच कुणी अशी देऊन टाकतं का?"

पुन्हा करायला शाळेला वेळ मिळाला नाही आणि वसंत आला. झाडांना पालवी फुटली, आणि आम्ही तिघं पुन्हा त्या छोट्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. युफ मारैकेने टेबलावर घड्याळ ठेवलं होतं. बाहेर पुढचे पालक थांबलेले दिसत होते. माझ्या वर्गातल्या एलिफचे आई-बाबा, तुर्कस्तानातून आलेले, तिला मधे बसवून. एलिफ वर्गात फारशी बोलायची नाही.

"प्रयोग सुंदर होता," युफ मारैके म्हणाली. "पण एका प्रयोगावरून मी सल्ला देत नाही, वर्षभरातलं चित्र बघते. वर्गात चर्चा चालते तेव्हा सानिका गप्प असते. म्हणून मी मधल्या शाळेवर कायम आहे." बाबाची मान डोलायला लागली होती. आईने ओठ घट्ट मिटले. आणि मी विचारलं, "तुम्हाला हे कसं कळलं?"

"सानिका!" बाबा मराठीत ओरडलाच. "बाईंना असं विचारतात का?"

"विचारू दे तिला," आई म्हणाली.

मी बाबाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर माझं धैर्य गळालं असतं. मी म्हणाले, "तुम्ही माझे प्रश्न चर्चेत मोजलेत. चर्चेत सगळे एकमेकांचं तोडून बोलतात. मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, असं मला घरी शिकवलंय. म्हणून मी तास संपल्यावर विचारते. कोट घालताना, तुम्ही फळा पुसत असता तेव्हा. ऋण संख्येचं वर्गमूळ का नाही, ते मी तिथेच विचारलं होतं. नकाशावर ग्रीनलंड एवढं मोठं का, तेही तिथेच. तुम्ही उत्तरं दिलीत. पण ते प्रश्न तुम्ही धरले का? मी सुट्टीतला सराव धरला नव्हता, तेव्हा माझा निकाल मी फळ्यावर खोडला."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकी नीट पुन्हा कधीच बोलले नाही. युफ मारैकेचा चेहरा लाल झाला. तिने माझे कागद उलटले, पुन्हा सुलटे केले. घड्याळ वाजलं, ते तिने बंद केलं. ती रागावली असती तर मला समजलं असतं, बाबाला तर तेच अपेक्षित होतं. पण ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मला माहीत नव्हतं. मला तसं वाटत होतं. आणि मी वाटण्यालाच माहीत असणं म्हणत होते." मग पेन उचलून म्हणाली, "तुझे गुण वरच्या शाळेचे आहेत, प्रश्नही वरच्या शाळेचे आहेत. मी तसं लिहिते." आईने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. तो वळ मी लोटेला मिरवून दाखवला.

बाहेर सायकलींपाशी आलो तर बाबा घामाघूम. "हवं ते मिळालं तुला, चांगलं झालं," तो म्हणाला. "पण बाई लाल झाल्या होत्या. जा, माफी मागून ये."

"कसली माफी?" मी म्हणाले. "मी प्रश्न विचारला."

"ती नाही जायची," आई म्हणाली.

"मग मी जातो," असं म्हणून तो खरोखरच आत गेला. आम्ही दोघी ऊन खात उभ्या राहिलो. आई हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. बाबा बऱ्याच वेळाने आला, आणि गेला होता त्यापेक्षा हळू चालत आला.

"काय झालं?" आईने विचारलं. "मागितली का माफी?"

"मागितली. म्हणाल्या, माफी नको." तो सायकलच्या कुलपाशी वाकला, पण किल्ली तशीच हातात. "एलिफचे आई-बाबा आत येऊन बसलेत. बाई त्यांना म्हणाल्या, जरा थांबाल का, एलिफबद्दल मी जे लिहिलंय ते मला आधी पुन्हा एकदा तपासून बघायचंय."

मग माझ्या बाबाने, ज्याने जन्मात एकाही मास्तराला उलटून काही विचारलं नव्हतं, वर बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं विचारलंस."